हिरवा दिवा लागला म्हणजे पॅक भरला असे नाही

बॅटरी २२ टक्के दाखवत असते आणि नागपुरात वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर इलेक्ट्रिक दुचाकी एकाएकी बंद पडते. किल्ली बंद करून दोन मिनिटांनी लावली की चालू होते, मूठ जरा जोरात पिळली की परत बंद. रात्री चार्जरला लावावी तर पूर्वी साडेतीन तास घेणारा बॅटरी पॅक अडीच तासांतच हिरवा दिवा दाखवतो. अशी गाडी गॅरेजात नेली की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: पॅक गेला, नवा टाका. ऐकून जीव तुटतो, कारण यातले बरेच पॅक गेलेले नसतात. आतले सेल एका पातळीवर राहिलेले नसतात, एवढेच. पातळी परत आणता येते. त्यासाठी लागतो चांगला मल्टिमीटर, एक छोटा पॉवर सप्लाय आणि दोन-तीन दिवसांचा धीर.

उदाहरणासाठी २४ सेल सिरीजमध्ये असलेला ४० अँपिअर-तासांचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक धरू. नाममात्र ७६.८ व्होल्ट, म्हणजे साधारण ३ युनिटचा साठा. पुढचे सगळे वॉरंटी संपलेल्या किंवा पेट्रोलवरून विजेवर नेणारे कन्व्हर्जन किट बसवलेल्या गाड्यांसाठी आहे. गाडी वॉरंटीत असेल तर पॅक उघडूच नका. बॅटरीच्या सुरक्षेचे, एआयएस-१५६ चे कडक केलेले नियम १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यानंतरच्या पॅकचे सील एकदा तोडले की घरी ते पहिल्यासारखे बसत नाही, आणि पहिल्याच पावसात पाणी आत जाते.

आधी आपला पॅक कोणत्या जातीचा ते नक्की करा. एलएफपी सेल ३.६५ व्होल्टला पूर्ण भरतो, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) ४.२ ला. वरून दोन्ही पेट्या सारख्याच दिसतात. घोळ होतो तो असा: १६ सेलच्या एलएफपी पॅकचा चार्जर ५८.४ व्होल्टचा आणि १४ सेलच्या एनएमसीचा ५८.८ चा. पिनही तीच, आकडाही जवळपास तोच, म्हणून लोक एकमेकांचे चार्जर बिनधास्त लावतात. या जोडीत चटकन काही होत नाही, पण १३ सेलच्या एनएमसी पॅकला, ज्याला ५४.६ लागतात, तोच चार्जर लावला तर प्रत्येक सेलवर ४.५ व्होल्टच्या आसपास जाऊ पाहतात. मध्ये उभा असतो तो फक्त बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर नजर ठेवून वेळ आली की करंट तोडणारा सर्किट बोर्ड. तो कधी चालू स्थितीतच चिकटला तर आग अडवायला काही उरत नाही. आपल्या २४ सेलच्या एलएफपीचा चार्जर ८७.६ व्होल्टचा हवा. नवा चार्जर आणला की गाडीला लावण्याआधी पिनवर मीटर धरून एकदा आकडा बघा.

आता हिरव्या दिव्याची गोष्ट. चार्जर आधी ठरलेला करंट देत राहतो, व्होल्टेज हळूहळू वर चढते. ८७.६ ला पोचला की व्होल्टेज तिथेच धरून करंट कमी करत नेतो आणि करंट अगदी थोडा उरला की हिरवा होतो. ही झाली खरी भरणी. बिघडलेल्या पॅकात काय होते? एक सेल बाकीच्यांच्या पुढे असतो. तो ३.६५ ला पोचतो तेव्हा उरलेले २३ अजून ३.३८ वर असतात. बेरीज करा: ८१.४ व्होल्ट. चार्जर अजून पूर्ण करंट देत असतो, पण बीएमएसने त्या एका सेलसाठी दार बंद केलेले असते. करंट शून्य झाला, चार्जरला वाटले काम झाले, दिवा हिरवा. बाकीचे सेल अर्धपोटी राहिले ते राहिलेच. उतरताना याच्या उलट: जो सेल सगळ्यांत मागे असतो तो २.५ ला पोचला की बीएमएस तोडतो, बाकीच्यांत भरपूर असले तरी. ती उड्डाणपुलावरची २२ टक्के ही.

म्हणून हिरवा दिवा लागल्याबरोबर पॅकचे एकूण व्होल्टेज बघा. ८७ च्या जवळ असेल तर ठीक. ८१-८२ असेल तर चार्जरने नव्हे, बीएमएसने चार्जिंग थांबवले आहे.

तुम्ही म्हणाल, बीएमएसमध्ये बॅलन्सिंग, म्हणजे सेल एका पातळीवर आणणे, असतेच की. असते, पण किती ते बघा. साध्या बीएमएसमध्ये पुढे गेलेल्या सेलवर एक छोटा रेझिस्टर जोडला जातो आणि तो ३० ते १०० मिलिअँपिअर इतकाच करंट जाळतो. ५० धरा. एक सेल बाकीच्यांपेक्षा २ अँपिअर-तासांनी मागे पडला असेल तर उरलेल्या २३ सेलमधून प्रत्येकी २ अँपिअर-तास जाळावे लागतील. ५० मिलिअँपिअरने त्याला ४० तास लागतात. आणि एलएफपीत हे काम बहुधा ३.४० किंवा ३.४५ व्होल्टच्या वरच सुरू होते, तिथे पॅक रोज जेमतेम अर्धा तास थांबतो. म्हणजे ८० दिवस. तोवर फरक आणखी वाढलेला असतो. बीएमएसचे बॅलन्सिंग हे झाडून रोज घर स्वच्छ ठेवण्यासारखे काम आहे, वर्षभराचा साचलेला गाळ काढण्याचे नाही.

दुरुस्तीला हात घालण्याआधी सेलनिहाय आकडे (मीटरने किंवा बीएमएसच्या अ‍ॅपवरून) तीन वेळा लिहून घ्या: चार्जिंग संपत येताना, चार्जर काढून दोन तासांनी, आणि गाडी बंद पडायच्या बेतात असताना. मधल्या पट्ट्यातले आकडे एलएफपीत काही सांगत नाहीत. ३० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत सेल ३.२८ ते ३.३३ एवढ्यातच फिरतो, त्यामुळे दोन सेलमध्ये दहा टक्क्यांचा फरक असला तरी मीटरवर पाच-दहा मिलिव्होल्टच दिसतात. अ‍ॅपवर ५० टक्क्यांना सगळे सेल सारखे दिसले म्हणून खूश होऊ नका. खरे रूप टोकांनाच कळते.

टोकांचे आकडे हाती आले की निदान बहुतेक आपोआप होते. भरताना वर सगळ्यांत मागे आणि उतरताना खालीही सगळ्यांत आधी संपणारा सेल कमी भरलेला आहे. त्याला वेगळे भरले की झाले. वर सगळ्यांत आधी पोचणारा आणि खाली सगळ्यांत शेवटी संपणारा सेल जास्त भरलेला आहे. त्यातले थोडे काढले की झाले. पण वर आधी भरणारा आणि खालीही आधी संपणारा सेल म्हणजे त्याचे पोटच लहान झाले आहे, आणि त्याला जगातले कुठलेही बॅलन्सिंग बरे करणार नाही. तो बदलायचाच. चौथा प्रकार असतो सेल आतून गळण्याचा. आज बरोबर केला, आठ-पंधरा दिवस गाडी उभी ठेवली की परत मागे. रोज २० मिलिअँपिअर-तास गळत असेल तर महिन्याला ६०० होतात. ५० मिलिअँपिअरचा बीएमएस ते १२ तासांत भरून काढतो, म्हणजे महिन्यातून दोन-तीन रात्री पॅक भरल्यावरही चार्जरवरच टेकवून ठेवला तरी निभावते. रोज २०० गळत असेल तर मात्र तो सेल काढा, त्याच्या आत काही तरी शॉर्ट होऊ लागले आहे.

आकडाच खोटा असू शकतो, हे विसरू नका. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि नंतर सेन्सरच चुकत असल्याचे निघाले. पॅकातही तेच होते. अ‍ॅपवर सातवा सेल ३.१२ आणि आठवा ३.५३ दिसतो. घाबरून लोक आठवा रिकामा करायला घेतात. दोघांची बेरीज करा: ६.६५, म्हणजे सरासरी ३.३२५, अगदी शेजाऱ्यांइतकी. शेजारी-शेजारी एक जास्त आणि एक कमी आणि बेरीज बरोबर, असे दिसले की दोष सेलचा नसतो, त्या दोघांच्या मधून बीएमएसला व्होल्टेज कळवणाऱ्या बारीक सेन्स वायरचा असतो. पिन हिरवी पडलेली असते, नाहीतर कनेक्टरात वायर अर्धी तुटलेली असते. थेट सेलच्या टर्मिनलवर मीटर धरा, दोन्ही ३.३२ निघतील. पावसाळ्यानंतर हे फार होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, पाच मिनिटांचे काम.

दुसरा खोटारडा आकडा लूज बसबारचा, म्हणजे दोन सेल जोडणाऱ्या पट्टीचा. गाडी ओढत असताना एक सेल शंभर-दीडशे मिलिव्होल्ट खाली, चार्जिंगला लावला की तोच सेल वर, आणि गाडी उभी असताना सगळ्यांसारखा. जोडणीत एक मिलिओहम जास्त असला तर ४० अँपिअरला ४० मिलिव्होल्ट तिथेच पडतात. नट काढा, टर्मिनल आणि पट्टी बारीक पॉलिश पेपरने घासा, पुसा, आणि सेलच्या कागदावर दिलेल्या टॉर्कला आवळा. अंदाजाने आवळू नका, अ‍ॅल्युमिनिअमचे आटे लगेच झिजतात.

मीटरबद्दलही एक सांगतो. १९९९ पर्यंत मोजणारा स्वस्त मीटर २० व्होल्टच्या रेंजवर फक्त ३.३३ असे दाखवतो, म्हणजे त्याची पायरीच १० मिलिव्होल्टची. ६००० पर्यंत मोजणारा घ्या, तो ३.३३२ दाखवतो. बर्डीच्या बाजारात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारताना ‘किती काउंटचा’ एवढेच विचारा. आणि प्रोबच्या टोकांवर हीट श्रिंकची नळी चढवून फक्त दोन-तीन मिलिमीटर धातू उघडा ठेवा. प्रोब घसरून शेजारच्या टर्मिनलला टेकला तर टोक वितळून डोळ्यांत उडते.

पॅक उघडताना अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा. पान्याला टोक सोडून इन्सुलेशन टेप गुंडाळा. ८० व्होल्टचा डीसी करंट हाताला धक्का देतोच, पण त्याहून वाईट म्हणजे एकदा ठिणगी ओढली गेली की ती तुटत नाही. बीएमएस सोडवताना आधी सेन्स वायरचा कनेक्टर काढायचा, मग जाडी निगेटिव्ह वायर. बसवताना उलट, जाडी निगेटिव्ह आधी आणि कनेक्टर शेवटी. कनेक्टर बसवण्याआधी त्यात मीटर घालून पायऱ्या मोजा: ३.३, ६.६, ९.९ असे चढत गेले पाहिजे. मध्येच एखादी पायरी चुकली तर दोन वायरी अदलाबदल झाल्या आहेत, आणि तसाच कनेक्टर दाबला की बीएमएस त्याच क्षणी जातो. कुठला सेल फुगलेला दिसला, गोडसर उग्र वास आला, तर बॅलन्सिंग वगैरे विसरा. पॅक बंद करा आणि घराबाहेर, मोकळ्या जागी ठेवा.

आता प्रत्यक्ष काम. मागे पडलेले सेल एक-दोनच असतील तर पॅक आधी नेहमीच्या चार्जरने बीएमएस तोडेपर्यंत भरा. मग छोटा पॉवर सप्लाय घ्या, ज्याचे आउटपुट अर्थला जोडलेले नाही. सेलला लावण्याआधीच त्याचे व्होल्टेज ३.५० वर आणि करंट २ अँपिअरवर ठेवा. जाड वायरी थेट त्या सेलच्या टर्मिनलला लावा, सेन्स वायरीतून कधीच नाही, त्या बारीक वायरी तापतात. २ अँपिअर-तासांचा फरक तासाभरात भरतो. करंट स्वतःहून पाव अँपिअरच्या खाली आला की काढा. भरताना तासभर तिथेच थांबा. लावून बाजारात जाऊ नका.

पुढे गेलेला सेल एकच असेल तर त्यातले काढणे सोपे. २.२ ओहमचा, १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर ३.४ व्होल्टला दीड अँपिअर ओढतो आणि पाच वॉटच्या वर उष्णता सोडतो, म्हणून तो लादीवर ठेवा, पॅकवर नाही. रेझिस्टर मिळाला नाही तर गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्बही चालतो. एका सेलवर तो मंद लाल पेटतो आणि अँपिअरपेक्षा जरा कमी ओढतो. घड्याळ लावून काढा, पंधरा मिनिटांनी वायर सोडा, सेलला दहा मिनिटे विसावा द्या, मग मोजा. लोड असतानाचा आकडा खरा नसतो.

नंतर शेवटची भरणी हळू करायची. आकडे बदलता येणारा चार्जर ८२.८ व्होल्टला, म्हणजे सेलमागे ३.४५ ला आणि एक-दोन अँपिअरवर लावा. एखादा सेल तरीही ३.५५ च्या पुढे पळू लागला तर करंट आणखी कमी करा. ५० मिलिअँपिअर जाळणारा बीएमएस २ अँपिअरशी झुंजू शकत नाही. पॅक रात्रभर ८२.८ वर टेकू द्या, पण झोपण्याच्या खोलीत नाही. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा यांत २० मिलिव्होल्टहून कमी उरले की व्होल्टेज ८४ वर न्या आणि परत तेच. ८४ ला ३० मिलिव्होल्टच्या आत बसले तर काम उत्तम झाले. ८७.६ पर्यंत ओढण्यात काही मिळत नाही. सेलमागे ३.४५ वर निवांत टेकलेला एलएफपी पॅक जवळपास भरलेलाच असतो, आणि त्याच्या वरचे व्होल्टेज सेलचे आयुष्य खाते. नेहमीच्या चार्जरचे व्होल्टेज कमी करायचे असेल तर आतला ट्रिमपॉट, म्हणजे व्होल्टेज ठरवणारा छोटा स्क्रू, फिरवता येतो, पण तो उघडण्याचे काम जाणकाराकडेच द्या. आतल्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही राहतात.

नवे सेल आणून पॅक बांधत असाल तर आधीच सगळे सेल पॅरलल जोडून वर नेण्याची पद्धत चांगली. फक्त हिशेब लक्षात घ्या: ४० अँपिअर-तासांचे २४ सेल पॅरलल म्हणजे ९६० अँपिअर-तास, १० अँपिअरचा सप्लाय रिकाम्यापासून भरायला चार दिवस लावेल. म्हणून आधी सिरीजमध्ये बीएमएस लावून जवळपास भरा, मग सोडवून पॅरलल करा. सप्लाय ३.६० ला ठेवा आणि त्या बटणाला परत हात लावू नका. इथेच लोक सेल मारतात. सप्लायवर ३.६० आणि सेलवर ३.३४ दिसते, करंट कमी वाटतो, मग धीर सुटतो आणि व्होल्टेज ४ वर नेले जाते. तो फरक वायरीत पडत असतो. शेवटी करंट कमी झाला की वायरीतली घट नाहीशी होते आणि पूर्ण ४ व्होल्ट सेलवर येतात. वायरी जाड करा, व्होल्टेज नाही.

नागपूरचा उन्हाळा हा या सगळ्यातला वेगळा पेपर आहे. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंश नोंदले गेले, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, ४५ च्या आसपास धरून चालावे. थंडीत शून्याखाली चार्ज करू नये हा नियम आपल्याला लागत नाही, आपला प्रश्न वरच्या टोकाचा. सिमेंटच्या रस्त्यावर दुपारी उभ्या गाडीतला पॅक हवेपेक्षाही गरम होतो. सेल ४५ च्या वर असताना चार्जिंग न केलेले बरे. बरेच बीएमएस त्याच्या आसपास स्वतःच नाकारतात आणि लोकांना वाटते चार्जर बिघडला. चोवीस-पंचवीस किलोचे सेल तासाभरात निवत नाहीत. पेटी हाताला थंड लागते तेव्हाही मधले सेल गरमच असतात, आणि सेन्सर बहुधा कडेला असतो. म्हणून संध्याकाळी सहाला आल्याआल्या प्लग खुपसू नका. रात्री अकराला लावा, नाहीतर पहाटे चारला टायमरने, म्हणजे भरलेला पॅक तापत पडून राहत नाही, निघायच्या वेळेला पूर्ण होतो. भरलेला आणि तापलेला या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की सेल सगळ्यांत लवकर म्हातारा होतो. कूलरसमोर पॅक ठेवण्याची युक्ती मात्र नको. ती हवा ओली असते आणि तीच ओल कनेक्टरवर बसते.

कूलर आणि चार्जर एका एक्स्टेन्शन बोर्डावरही नको. ८७.६ व्होल्ट, १० अँपिअरचा चार्जर भिंतीतून साधारण १००० वॉट ओढतो. २३० व्होल्टला ते साडेचार अँपिअर होतात, पण उन्हाळ्यातल्या संध्याकाळी लाइन १८० वर आली की तेच साडेपाच होतात. ६ अँपिअरचे सॉकेट तासन्‌तास एवढे सोसत नाही, आधी पिन पिवळट होते, मग काळी. १६ अँपिअरचा पॉइंट, २.५ चौरस मिलिमीटरची वायर, अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) एवढे करून घ्या. तिसऱ्या तासाला प्लगला हात लावून बघा. चटका बसला तर सॉकेट बदला.

एकदा बसवलेला पॅक परत बिघडवणाऱ्या दोन सवयी आहेत. पहिली, हॉर्न आणि दिव्यांसाठी खालच्या चार सेलमधून परस्पर १२ व्होल्ट काढणे. ते चार सेल रोज थोडे जास्त रिकामे होतात आणि महिन्याभरात पॅक वाकडा होतो. पूर्ण पॅकवर चालणारा डीसी-डीसी कन्व्हर्टरच लावा. दुसरी, अ‍ॅक्टिव्ह बॅलन्सर दिवसरात्र चालू ठेवणे. मधल्या सपाट पट्ट्यात तो दोन-चार मिलिव्होल्टच्या भासावर विश्वास ठेवून एका सेलमधले दुसऱ्यात ओतत बसतो आणि चांगला बसवलेला पॅक उलट बिघडवतो. त्याला ३.४० च्या वरच काम करू द्या. रोज ८०-९० टक्क्यांवर थांबलात तरी चालेल, पण एलएफपीला आठ-पंधरा दिवसांतून एकदा वर टेकवून दोन तास द्या. महिन्याभरासाठी गावाला जाताना अर्ध्यावर ठेवा आणि मुख्य स्विच बंद करा.

बदललेला जुना सेल भंगारवाल्याला देऊ नका आणि कचरागाडीतही टाकू नका. भांडेवाडीच्या कचराडेपोतल्या ढिगाऱ्यात दाबला गेलेला अर्धा भरलेला सेल पेट घेऊ शकतो. आधी त्याच बल्बने तो २ व्होल्टच्या खाली उतरवा, दोन्ही टर्मिनलवर टेप लावा, वाळूच्या डब्यात ठेवा आणि जिथून नवा सेल घेतला त्यांच्याकडे परत नेऊन द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे.